गणपा, तुझा रविवारचा वर्ग

गणपा,

तुझा रविवारचा वर्ग आता बंद झाला, असं सांगून यावं म्हणून मी काल इंदापूरला गेलो होतो. तुला राग येईल. आला तर येऊ दे. तू गेल्यापासून माझ्यावर रागावणारं माणूसच उरलेलं नाही.

हे ठरलं तुझ्या तेराव्याला. कोऱ्हाळ्यात तुमच्या ओसरीवरची पंगत उठली, तुझा भाऊ पाहुण्यांना निरोप द्यायला वेशीपर्यंत गेला, आणि सरूवहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, ती गुरुजी मंडळी दर ऐतवारी इंदापुरात येऊन बसत असतील वो. लांबनं येत्यात. कुनीतरी जाऊन सांगाय पायजे की, आता नका येऊ म्हनून." मी मान हलवली. सांगणारा दुसरा कोण होता? बारामतीत इंग्रजी शिकवणारा मी, इंदापुरात इंग्रजी शिकवणारा तू. वहिनींच्या हिशेबी तुझं अर्धवट राहिलेलं काम माझ्याच दारात येणार. पण 'तुम्ही चालवा' असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना माझा स्वभाव माहीत आहे.

खरं सांगतो, मला तो वर्ग नकोच होता. आठवडाभर हायस्कुलातल्या पोरांशी घसा फोडायचा, वह्यांचे गठ्ठे तपासायचे आणि हक्काच्या रविवारी एस.टी.त बसून हाडं खिळखिळी करून घ्यायची, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुझी ती मंडळी म्हणजे बावड्याचे, शेळगावचे, आणखी कुठकुठल्या वाड्यावस्त्यांवरचे प्राथमिक शाळेतले मास्तर. मराठी सातवीच्या फायनल परीक्षेला इंग्रजीचं एक अक्षर नव्हतं आणि आता मॅट्रिक झाल्याशिवाय वरची जागा नाही. म्हणून बायकापोरांचा संसार सांभाळून, बाहेरून मॅट्रिकला बसायचं. बाकीचे विषय निघतात, इंग्रजी बुडवतं. परीक्षा मार्चात, आणि तू पौषातच निघून गेलास. त्या माणसांच्या तोंडावर 'आता येऊ नका' म्हणायचं, याचाच मला शीण आला होता. दोन रविवार मी काहीतरी निमित्त काढून टाळले. काल निमित्तही संपलं.

बारामतीच्या स्टँडवर गेलो तर तोच चहावाला. मला एकट्याला बघून त्यानं न विचारता एकच कप आणला आणि लगेच दुसरीकडे बघायला लागला. आपलं सगळं भांडण त्याच्या बाकड्यावर व्हायचं. शनिवारी तू कोऱ्हाळ्याला जायचास, रविवारी सकाळी परत निघायचास, बारामतीत गाडी बदलायचास, आणि इंदापूरची गाडी लागेपर्यंत मला घरातून उठवून तिथं आणायचास. हातात पिशवी असायचीच. कधी घेवडा, कधी वांगी, कधी रानातून येता येता उपटलेली मेथी. मेथीची माती अजून ओली असायची आणि तू माझ्या धोतरावर पिशवी टेकवून बोलायला सुरुवात करायचास.

"केशव, झालं ते झालं, त्याला दोन दोन काळ कशाला, असं गुरुजी इचारत्यात. काय सांगू?"

साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ. आपल्या मैत्रीतला अर्धा वेळ यांनी खाल्ला. पुण्याला वसतिगृहात असतानाही तू याच्यावर डोकं धरून बसायचास. मी म्हणायचो, नियम साधा आहे, वेळ सांगितली असेल तर साधा भूतकाळ, घोकून टाक. तुला घोकणं कधी पटलंच नाही. तुला सगळं रानात नेऊन बघायचं असायचं.

"मी त्यास्नी सांगतो, रानाला पानी दिलंय आन् आजून पाय रुततोय, तर 'हॅव'. पानी दिलं, वाफसा आला, पाय रुतंना झाला, कुळव फिरला, मंग नुसता भूतकाळ. झालेल्या गोष्टीची ओल उरली हाय का न्हाय, एवढंच बघायचं."

चांगलं होतं ते. तेव्हाही मला चांगलं वाटलं होतं, पण तुझ्यापुढे कबूल करण्याइतका मी भोळा नव्हतो.

"आणि 'यस्टरडे' आलं की? तिथं ओल असो नाहीतर चिखल असो, 'हॅव' बसत नाही."

"कालचं पानी आज वाळतं व्हय रे?"

"वाळो न वाळो. इंग्रजाला तुझ्या रानाशी काय करायचंय?"

"म्हनून तर गेला," तू म्हणालास, आणि चहावाल्यासकट सगळं बाकडं हसलं. वाद घालताना माणसं आपल्या बाजूला ओढून घ्यायची तुझी ही जुनी खोड. मला तिचा मनापासून कंटाळा यायचा, गणपा. आता त्या बाकड्यावर कुणी हसत नाही.

पण गेल्या वर्षीच्या मॅट्रिकला मी म्हणत होतो तेच झालं. पेपर सुटल्यावर तुझ्या गुरुजींनी आपापलं काय लिहिलं ते तुला सांगितलं, आणि जवळजवळ सगळ्यांनी 'काल' आणि 'हॅव' एका वाक्यात नांदायला बसवले होते. मराठीत आपण सर्रास म्हणतो, काल पाणी दिलंय, परवा बी टाकलंय. तसंच त्यांनी इंग्रजीत उतरवलं. शेळगावचे धोंडिबा गुरुजी इंग्रजीतच दुसऱ्यांदा राहिले. निकालानंतरच्या रविवारी मी म्हणालो, "तुझ्या ओल्या रानात सगळे रुतले." तू चहा अर्धा टाकून उठलास. पुढच्या रविवारी मात्र वांग्यांची पिशवी घेऊन हजर. "आदी तुजा नियम सांगतो," म्हणालास, "मंग माजं रान दावतो. दोनी पायजेत." एवढी मोठी तडजोड तू आयुष्यात दुसरी केली नसशील.

दिवाळीनंतर तू मला एकदा बळंच तो वर्ग बघायला नेलंस. मराठी शाळेची ती खोली, शेणानं सारवलेली जमीन, बस्करांवर मांडी घालून बसलेले टोप्या-कोट घातलेले मोठे मोठे बाप्ये, आणि भिंतीकडेला बावड्याच्या यमुनाबाई, पदर घट्ट ओढून. तू प्रश्न विचारलास की सगळे एका सुरात उत्तर देत. पोरांकडून पाढे म्हणवून घेण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना दुसरं काय येणार? पण एकट्याला उठवलं की खोली गप्प. कुणी टोपी सारखी करतोय, कुणी खोकतोय. यमुनाबाई तर मान वरच करेनात. गावात ज्यांना पाटलापासून सगळे गुरुजी म्हणून नमस्कार करतात, त्यांनी चारचौघांत चुकायचं कसं?

मग तू फळ्याकडे वळलास आणि मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहिलंस, आय हॅव सीन हिम लास्ट मंथ. लिहून, खडू हातात धरून, अगदी भोळा चेहरा करून उभा राहिलास. बराच वेळ नुसत्या टोप्या सारख्या होत राहिल्या. मग धोंडिबा गुरुजी घसा साफ करत म्हणाले, "सर, जरा कायतरी इस्कटल्यासारकं वाटतंय." तू कपाळावर हात मारून घेतलास. "अरे तिच्या! खरंच की. गुरुजी, या, तुमीच नीट करा." आणि धोंडिबा गुरुजींनी उठून 'हॅव सीन' पुसून 'सॉ' लिहिलं. त्यांची छाती तेव्हा फुगली होती, हे मी पाहिलं.

परतीच्या वाटेवर आपलं कडाक्याचं वाजलं. मी म्हणालो, मास्तरानं फळ्यावर चूक लिहिणं म्हणजे घरात साप सोडणं. फळ्यावरचं वाक्य पोराच्या डोळ्यात बसतं, मग ते पुसलं तरी जात नाही. तू म्हणालास, "त्यांच्या डोक्यात ती आदीपासनं बसलेलीच हाय. मी ती भाईर काडतो. केशव, ही मास्तर लोक हायत. ह्यांचं चुकलं आसं गावात कुनी म्हनत न्हाय. ज्याला चुकायचं ठावं न्हाय, त्याला नवी भाषा कशी यायची?"

मी म्हणालो, "पण चुकतोस तू. ते कुठे चुकतात? ते फक्त तुझी चूक काढतात. उद्या तू नसलास की पुन्हा आपले गप्प. यांना स्वतः चुकायला कधी शिकवणार?"

तू म्हणालास, बघू. हाच प्रश्न मी तुला पुढेही सारखा विचारत राहिलो. शेवटच्या रविवारी पुन्हा विचारला. तू त्या दिवशी पोटाशी हात धरून बसला होतास, चहाला तोंड लावलं नव्हतंस, आणि मी आपला माझंच दळण दळत होतो. गाडी हलली. खिडकीतून तू हातानं काहीतरी खूण केलीस. मी तिचा अर्थ 'गप बस, येड्या' असा घेतला. तोच असावा. पुढच्या रविवारी विचारून खात्री करून घ्यायची राहिली.

तर काल. गाडीभर मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. मंडळी, गणपतराव गेले, तुम्हांला ठाऊक आहेच, आता या वर्गाचं, वगैरे. खरं तर मला वाटत होतं की कुणी आलेलंच नसेल. कुलूप बघायचं, वहिनींना तसं कळवायचं आणि परतीच्या गाडीनं घरी येऊन आडवं व्हायचं. एवढीच माझी इच्छा होती.

शाळेच्या अंगणात सायकली होत्या. आतून हसण्याचा आवाज येत होता. मला क्षणभर राग आला. तुला जाऊन महिना झालेला नाही आणि इथं हसतायत. मी दारात थांबलो.

फळ्यापुढे यमुनाबाई उभ्या होत्या. पदर तसाच घट्ट, पण हातात खडू. त्यांनी लिहिलं होतं, माय मदर हॅज कम टू बावडा लास्ट वीक. आणि सगळा वर्ग त्यांच्यावर तुटून पडला होता.

"बाई, 'लास्ट वीक' आलं की वो. 'हॅज' काडा."

"कसं काडू? आई आजून घरातच हाय की. सकाळी भाकरी बडवून दिल्या तिनं."

"आसू द्या. ओल हाय, कबूल. पर 'लास्ट वीक' आन् 'हॅज' दोगं एका घरात नांदत न्हाईत. दोनातलं एक पुसा."

बाईंनी जरा विचार केला आणि 'लास्ट वीक' पुसून टाकलं. "आईला र्‍हाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सगळे हसले. त्याही हसल्या. तुझं रान आणि माझा नियम, दोन्ही त्या एका पुसण्यात होते, आणि ती चूक काही सोंग म्हणून केलेली नव्हती. ती खरी चूक होती. मान वर न करणाऱ्या बाईनं भर वर्गात केली आणि भर वर्गात निस्तरली.

मग त्यांनी मला पाहिलं. सगळे उठले. मला वाटलं आता फळ्याजवळची खुर्ची पुढे करतील. धोंडिबा गुरुजींनी सरकून आपल्या शेजारी बस्कर टाकलं. "या सर. बसा हितं." मी बसलो. म्हणालो, "मी एक सांगायला आलोय."

"वर्ग बंद म्हनून? वयनींनी धाडलं आसंल," गुरुजी म्हणाले. "आमी बी पयल्या ऐतवारी तेच बोललो. सर न्हाईत, आता काय हितं. मी तर म्हनलं, दोनदा बुडालो, आता पुस्तकं बांधून माळ्यावर टाकतो. रडलो सगळी, आन् सायकली काडल्या. तवा ह्या बाई पायरीवर बसल्या आन् म्हनल्या, सर व्हते तवर सर चुकायचे. आता सरांच्या जागी चुकायचं कुनी?"

यमुनाबाई खडूनं माखलेली बोटं पदराला पुसत होत्या.

"मंग आमी नंबर लावलं," गुरुजी म्हणाले. "कालव्याचं पानी कसं, वरच्या लोकांचं भिजून उरलं तर आमच्याकडं. आमी टेलची, पार शेवटच्या टोकाची मानसं. म्हनून म्हनलं, हितं उलटं करू. जो सगळ्यात कच्चा, त्येचा नंबर आदी. तर भांडान लागलं की वो सर. सगळीच म्हनाय लागली, मी कच्चा, मी कच्चा. कुनी ऐकंना."

गणपा, ज्या माणसांच्या तोंडून एक चुकलेलं वाक्य बाहेर काढायला तू इतके रविवार घालवलेस, ती माणसं सगळ्यात कच्चं कोण यावरून भांडली. आणि ते बघायला तू नव्हतास. मी होतो. बंद करायला आलेला मी. देवाला कळतं की नाही कोण जाणे, पण कुणाला न्यायचं आणि कुणाला ठेवायचं हे निवडताना त्याचं हे असं काहीतरी होतं.

मी आपलं मास्तरी बोललो. म्हणालो, "गणपतरावांनी तुम्हांला छान वळण लावलं. ते सुद्धा कधीकधी चुकायचे आणि मानायचे, त्यातूनच तुम्ही शिकलात."

धोंडिबा गुरुजी खाली बघून हसले. आजूबाजूचेही हसले, जरा ओशाळून.

"सर मुद्दाम चुकायचे," गुरुजी म्हणाले. "ते आमाला पयल्यापासनं ठावं व्हतं."

"ठाऊक होतं? मग तुम्ही इतका वेळ गप्प का बसायचात? लगेच का नाही सांगायचात?"

"लगीच सांगितलं आसतं, तर त्यास्नी कळलं आसतं की आमाला कळलंय. एवडा शिकलेला मानूस आमच्यासाठी येडा व्हतोय, जीव लावून चुकतोय. त्येची गंमत कशाला घालवायची? म्हनून जरा खोकायचं, टोपी सारकी करायची, आन् मंग म्हनायचं, सर, कायतरी इस्कटलंय."

मी तुझ्या तेराव्याला रडलो नव्हतो. सगळ्यांच्या पुढे पुढे करत होतो, पाणी वाढत होतो, गाड्यांच्या वेळा सांगत होतो. काल त्या बस्करावर मला रडू आलं, आणि आवरेना. यमुनाबाईंनी तांब्या आणून पुढे ठेवला.

तुला हे माहीत असायला हवं होतं, म्हणून लिहितोय. तू त्यांना सांभाळत होतास आणि ते तुला. मागं बसून ते सगळं पाहणाऱ्या मला दोन्हींतलं एकही दिसलं नाही. मी आपला फळ्यावरच्या वाक्याला साप म्हणत बसलो. ते मी अजूनही म्हणतो, बरं का. मास्तरानं फळ्यावर चुकीचं लिहू नये. तू गेलास म्हणून तुझं सगळंच बरोबर होतं, असं काही मी म्हणणार नाही. पण तुझ्याशी भांडायचं तर तू समोर पाहिजेस. एकट्यानं भांडून मी फार थकतो.

वर्ग बंद करायचं मी काही बोललो नाही. कुणाला सांगणार? तो माझ्या हातात नव्हताच. निघताना धोंडिबा गुरुजी गाडीपर्यंत आले. मार्चात यंदा निघेल असं वाटतं का, मी विचारलं. "निगंल बी, न्हाय बी. पर आवंदा गप बसून न्हाय बुडायचो," ते म्हणाले. मग माझी पिशवी वर देता देता म्हणाले, "सर, आमची सगळ्यांची एक खेप झाली. तुमी सगळ्यात पक्कं, म्हनून तुमाला शेवटी ठिवलं. फुडच्या ऐतवारी तुमचा नंबर."

"माझा? मी काय करायचं?"

"फळ्यावर चुकायचं. पर आमच्या सरांसारकं न्हाय. खरंखुरं."

गाडी सुटली. ते हात वर करून उभे होते.

येत्या रविवारी मी जाणार आहे. वहिनींना तसं कळवतो. इतकी वर्षं मी बरोबर असण्याची नोकरी केली, गणपा, घरातसुद्धा. चार माणसांपुढे उभं राहून खरंखुरं चुकायचं, आणि कुणीतरी नीट करेपर्यंत तिथंच थांबायचं, हे कसं करतात, मला माहीत नाही. तू असतास तर बाकड्यावर बसून तुलाच विचारलं असतं.